कंदिलाचा पहारा

रेवतीला न्यायला आलेल्या माणसाला डावा कान नव्हता. कानाच्या जागी भाजलेल्या कातडीची गाठ होती, आणि कळमनुरीच्या मंदिरापुढच्या मांडवात बसलेल्या बाया पदराआडून तीच बघून राहिल्या होत्या.

सप्ताह चालू होता. दुपारचा पहारा बायांचा. वीणा रेवतीच्या गळ्यात होती आणि ती नाम घेत, तारेवर बोट फिरवत उभी होती. तो माणूस तिच्यासमोर येऊन थांबला.

"मोबाइलवर 'वीजबाई' नावानं खेळती ती तूच का?"

रेवतीनं डोळ्यांनीच त्याला बसायला सांगितलं. वीणा गळ्यात असताना दुसरं बोलायचं नसतं. सप्ताहाचा नेमच तसा. वीणा जमिनीला टेकत नाही आणि मुकीही होत नाही. पुढचा माणूस येतो, वाकून पाया पडतो, वीणेला हात लावतो, आपल्या गळ्यात घेतो. मगच आधीचा मोकळा. कुणी आलंच नाही तर उभं राहायचं. पायाला गोळे आले तरी उभं राहायचं.

त्या दिवशी पुढची बाई फार उशिरा आली. तोवर तो माणूस सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसला होता, टाळ्याही वाजवत होता, पण त्याची नजर रेवतीच्या पायांवर होती. पाय थरथरत होते, हलले नव्हते.

ती बाहेर आल्यावर तो म्हणाला, "त्या खेळात झेंडा घेऊन उभी राहतीस तू. सोबती पळतात, चहूकडून गोळ्या येतात. झेंडा टाकून पळाली तर वाचतीस. पण तू टाकत न्हाईस. काहून?"

"दुसऱ्यानं घेतल्याबिगर कसा टाकणार, काका?"

"अगं, खेळ आहे तो."

"मग काय झालं?"

तो हसला नाही. "माझं नाव अमृतराव. मला उडवायला पोरं पाहिजेत. विमान न्हाई. त्याच्याही वर."

रेवतीचे वडील संतरामबुवा त्या मंदिराचे पुजारी आणि गावोगाव कीर्तन करणारे. त्यांना एवढंच सांगितलं गेलं, की पोरीची वैमानिक व्हायच्या शिक्षणासाठी निवड झाली. निघताना रेवती म्हणाली, "बाबा, तिथून फोन लावता यायचा न्हाई म्हणतेत."

"आमी देवाला लावू की," बुवा म्हणाले. "तुझी खुशाली त्याच्याकडून कळंल." आणि तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसू लागले.

कनेरगाव नाक्याच्या पुढं एक खडी क्रेशर आहे. झाडांच्या पानांवर सदा पांढरी धूळ, खड्ड्यांतून ये-जा करणारे हायवा ट्रक, आणि भर दुपारी सुरुंगाचा बार. बार उडाला की ढाब्यावरचे ग्लास थरथरतात. कुणी मान वर करत नाही. त्या बाराच्या आवाजात जमिनीतून आणखी काय सुटून वर जातं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळा त्या खडकाच्या पोटात होती.

ही शाळा सरकारची की आणखी कुणाची, असं पोरांनी विचारलं तर अमृतराव म्हणायचे, "जित्ते राहा, मग सांगतो."

पहिल्याच दिवशी त्यांनी चौघांना एक चित्रफीत दाखवली. एक माणूस छोट्या यानात बसलेला. त्याच्या पायाखालचं पोलाद आतल्या बाजूला फुगतं, फाटतं, आणि त्यातून एक तोंड वर येतं. डोळ्यांच्या जागी भोकं, दात एकात एक फिरणारे. माणूस ओरडतो. मग ओरडायला तोंड राहत नाही.

"ह्यांना आमी घुशी म्हणतो," अमृतराव म्हणाले. "चंद्राच्या पलीकडून येतात. कुणी धाडल्या, ठाऊक न्हाई. लोखंड कुरतडतात, माणूस कुरतडतात. एक खाली उतरली होती. तिनं माझा कान नेला, आणि माझी सगळी तुकडी नेली. पुन्हा एक जरी खाली आली, तर हिंगोलीत उतरंल का हैदराबादेत, सांगता येत न्हाई. म्हणून तुमच्या प्रत्येकाच्या आसनाखाली सुरुंग आहे. त्याची कळ माझ्याजवळ. तुमच्या होडीत, म्हणजे यानात, घूस शिरली आणि तुमचा इलाज चालंना, तर मी कळ दाबीन. आत्ताच घरी जायचं असंल त्यानं जावं."

कोणी गेलं नाही. त्या वयात कोण जातं?

चौघं होती. रेवती. ढाबेवाल्याची राणी. पुसेगावचा प्रज्ञेश, त्याच्या आईची भीमगीतांची गायन पार्टी होती आणि त्यात तो ढोलकी वाजवायचा. आणि सेनगावकडच्या एका तांड्यावरचा थावरा, बोलायला कमी आणि हाताला जड. चौघंही मोबाइलवरच्या लढायांत नाव काढलेली. इथं मात्र नाव काढायच्या आधी रक्त निघालं. गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसवून त्यांना नेम धरायला लावायचे. नेम चुकला की आसनातून विजेचा झटका. राणीच्या नाकातून रक्त यायचं, रेवती आपल्याच ओकारीत बसून गोळ्या झाडायची. एकदा प्रज्ञेशनं थावराचा नेम मुद्दाम चुकवला, तर थावरानं त्याला जेवणाच्या ताटावरून उचलून भिंतीवर आपटला. दोघं एकमेकांना इतके बडवत राहिले, की फरशीवरचं वरण तांबडं झालं. अमृतराव दारात उभे राहून बघत होते.

"झालं का?" शेवटी ते म्हणाले. "आता एकाच ताटात जेवा."

जेवले. त्यानंतर ते दोघं सोबतच बसू लागले.

लढायची रीत अशी होती. एका होडीच्या लोखंडी पंज्यात एक पेटी असायची, कंदील म्हणायचे तिला. ती चालू केली की घुशी तिच्याकडं झेपावत. कंदील घेतलेली होडी पुढं, घुशींचा लोंढा तिच्यामागं, आणि बाकीच्यांनी बाजूनं त्यांना मारत राहायचं. अशा रीतीनं लोंढा ओढत न्यायचा तो वर तरंगणाऱ्या एका मोठ्या लोखंडी कड्यापाशी. ती भट्टी. सगळ्या कड्याच्या आत आल्या की कंदील तिथं सोडून होडीनं निसटायचं, आणि अमृतरावांनी भट्टी पेटवायची. वाटेत कंदील विझला तर लोंढा फुटणार आणि घुशी फुटतील तशा पृथ्वीवर पडणार.

"आणि कंदीलवाला थकला तर?" रेवतीनं विचारलं होतं.

"दुसऱ्यानं जवळ जाऊन घ्यायचा. पंज्याला पंजा लावून. पण घेणारा सहसा जात न्हाई, पोरी. कंदील म्हणजे मरण. कोण हात पुढं करतं?"

रेवतीनं जेवताना बाकीच्यांना वीणेची रीत सांगितली. प्रज्ञेश घास अडकेपर्यंत हसला. "म्हणजे मरणाच्या आधी पाया पडून घ्यायचं? बुवाची पोरगी, तू इथंबी मांडव घालून राहिलीस का?"

"हस तू. तुझ्याकडं कंदील असंल तवा बघू."

ज्या दिवशी खरोखर जायचं ठरलं त्या दिवशी कंदील प्रज्ञेशकडंच आला. दुपारी क्रेशरचा भोंगा झाला, बार उडाला, आणि त्या धुराळ्यातून चार होड्या आभाळ फाडून वर निघाल्या. रेवतीच्या छातीवर जणू हत्ती बसला. दातांतून ती नाम घेत राहिली. मग निळं संपलं. काळं आलं. तिला वाटलं होतं, इथं देव जवळ वाटेल. तिथं फक्त घुशी होत्या.

चित्रफितीत एकच होती, इथं मोजता येणार नाहीत एवढ्या. चंद्राच्या कडेकडून राखेच्या लोटासारख्या त्या आल्या.

"आई गं," राणी म्हणाली.

"आई नंतर, आधी गोळी," थावरा म्हणाला.

प्रज्ञेशनं कंदील चालू केला. लोट वळला. मग मारामारी सुरू झाली ती अशी, की रेवतीला वर-खाली उरलं नाही. ती मारत होती. घुशी फुटायच्या तेव्हा त्यांच्यातून काळं चिकट पाणी निघायचं आणि काचेवर गोठायचं. ती काचेवरची पुसणी फिरवायची, पुन्हा मारायची. एक घूस राणीच्या होडीवर बसली आणि तिनं मागचं इंजिन दातांत धरून उपटलं. राणी किंचाळली. थावरानं आपली होडी त्या घुशीवर घातली, तिचा चेंदा केला, आणि राणीला परतीच्या वाटेला ढकललं. "जा! मागं बघू नको!"

भट्टीचं कडं दूरवर चमकताना दिसू लागलं होतं, तेवढ्यात प्रज्ञेशची होडी थांबली.

"इंजिन गेलं," तो म्हणाला. आवाज साधा होता. मग साधा राहिला नाही. "आत आली! सर, आत आली, माझा हात—"

त्याच्या होडीत लावलेल्या कॅमेऱ्यातून रेवतीला दिसलं. फरशी फाडून आलेलं तोंड, त्यात कोपरापर्यंत गेलेला त्याचा डावा हात, आणि हवेत तरंगणारे रक्ताचे गोळे, जांभळांसारखे. पोशाखाचा पट्टा दंडावर करकचून आवळला गेला म्हणून रक्त थांबलं. हात थांबला नाही, तो गेला. बाहेर होडीवर घुशींचा थर चढू लागला होता. कंदील अजून पेटलेला होता.

अमृतरावांचा आवाज आला. "रेवती, थावरा, मागं सरा. सगळ्या त्याच्यावर जमू द्या. मग मी सुरुंग उडवतो."

"सर, तो जित्ता आहे," रेवती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"सर, दाबा," प्रज्ञेश मधेच ओरडला. तो रडत होता. "दाबायची तर लवकर दाबा ना! चावून राहिली ती!" आणि उजव्या हातातल्या पान्यानं तो त्या तोंडावर घाव घालत होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

रेवतीनं होडी वळवली. मागं नाही, पुढं.

"रेवती!" अमृतराव गरजले.

"सुरुंगानं अर्ध्याच मरतील, सर. बाकीच्या फुटून खाली जातील. भट्टीपर्यंत नेल्या तर सगळ्या."

"तू पोहोचणार न्हाईस."

"मग माझी कळ दाबा. तुमच्याचजवळ आहे की."

घुशींच्या थरात ती गोळ्या झाडत घुसली. काच तडकली. तिच्या पंज्यानं प्रज्ञेशच्या होडीचा पंजा धरला.

"प्रज्ञेश, दे."

"वेडी झालीस का? पळ!"

"दे म्हणते ना. पाया पडते."

आणि त्या अरुंद जागेत, पट्ट्यांनी आवळलेली असताना, तिनं जमेल तेवढी मान त्याच्या दिशेनं वाकवली. कुणी म्हणेल, तेवढ्यासाठी वेळ घालवला, चूकच ती. एक घूस तेवढ्यात तिच्या खिडकीवर चढली होती. पण ज्यानं मरणाला मिठी मारायचं ठरवलं आहे, त्याच्या हातातून ओढून काही घेता येत नाही. त्यानं सोडावं लागतं. प्रज्ञेश हसला का हुंदका होता, कळलं नाही.

"घे, बुवाची पोरगी," तो म्हणाला, आणि पंजा सैल केला.

कंदील तिच्याकडं आला. प्रज्ञेशच्या होडीवरचा थर सुटला आणि तिच्यामागं लागला. सुटला नाही तो फक्त आत शिरलेल्या घुशीचा जबडा. प्रज्ञेशचा पाना अजून वर-खाली होत होता. मग त्याच्या होडीचं चित्र बंद झालं.

रेवती भट्टीच्या दिशेनं सुटली. मागून दात. खालून दात. तिनं काचेपुढं आलेल्या एका घुशीला सरळ तोंडात गोळी घातली, दुसरीनं तिच्या आसनाची बाजू फाडून मांडीचा लचका तोडला. ती ओरडली, आणि ओरडण्यातच नाम आलं. गोड नाही, लयीत नाही, शिवीसारखं. हवा कमी होत होती. अमृतरावांचं बोट कळेवर होतं, हे तिला माहीत होतं. ते दाबलं जात नव्हतं, हेही.

कडं आता मोठं झालं होतं. आतल्या बाजूच्या नळ्या दिसत होत्या. तिथंच इंजिन खोकलं आणि मेलं. होडी तशीच सरकत राहिली, हळू, फार हळू. घुशी आता निवांत चढू लागल्या.

"कुणीतरी या," ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचेना. "मी सोडणार न्हाई. पण कुणीतरी या."

"थावरा, परत फिर," अमृतराव म्हणाले. "हा हुकूम आहे."

थावराची होडी घुशी तुडवत आली आणि तिला बाजूनं धडकली, इतकी जोरात की रेवतीच्या तोंडात रक्त आलं.

"पायाबिया पडायचा न्हाई मी," तो म्हणाला. "माझ्याहून लहान तू. आण इकडं."

तिनं पंजा सैल केला. कंदील गेला. घुशी गेल्या. तिची होडी एकटीच गरगरत कड्याच्या बाहेर वाहत निघाली आणि त्या गरगरण्यात तिला थावरा दर फेऱ्याला एकदा दिसत होता. कड्याच्या तोंडाशी. कड्याच्या आत. त्याच्यामागं सगळा लोंढा, शेपटीपर्यंत.

"सोड आता, निसट," अमृतराव म्हणाले.

"सुटत न्हाई, सर."

"काय?"

"पंजाचा सांधा चावला एकीनं. अडकलाय. सुटून न्हाई राहिला."

"आपट त्याला!" रेवती ओरडली. "थावरा, कड्यावर आपट!"

"आपटून राहिलो की." खाडखाड आवाज आला. मग लोखंड फाटल्याचा. मग थावराचा श्वास, तुटक. त्याच्याही आत त्या शिरल्या होत्या. तो कण्हला, दाबून. "सर, सगळ्या आल्या का आत?"

अमृतराव बोलले नाहीत.

"सर, आल्या का?"

"आल्या."

"मग काय बघून राहिले?"

भट्टी पेटली. आवाज झाला नाही. पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यात घुशी आधी दिसल्या, मग त्यांच्या सावल्या, मग काही नाही. रेवतीच्या होडीचं गरगरणं थांबलं नव्हतं. पुढच्या फेऱ्याला तिनं बघितलं, तेव्हा कडं रिकामं होतं. तिनं नाम घ्यायला तोंड उघडलं. तोंडात थावराचं नाव आलं, आणि तेच येत राहिलं.

खालून धाडलेल्या एका होडीनं रेवती आणि प्रज्ञेश दोघांना ओढून खाली आणलं. खडकाच्या पोटातल्या त्या मोठ्या खोलीत गॅस कटरनं प्रज्ञेशच्या होडीचं झाकण कापू लागले. ठिणग्या उडत होत्या. रेवतीची मांडी बांधायला आलेल्या डॉक्टरला तिनं लाथ मारली आणि लंगडत तिथंच उभी राहिली.

झाकण पडलं. आतून आधी घूस निघाली, मेलेली, डोळ्याच्या भोकात मुठीपर्यंत पाना रुतलेला. तिच्याखाली तो होता. रक्तानं काळा. डाव्या बाजूला कोपराखाली काही नव्हतं.

"श्वास आहे!" कुणीतरी म्हणालं. त्याला उचलून आत पळवलं.

रेवतीला आनंद झाला होता. इतका, की तिला त्याची किळस आली.

अमृतराव तिच्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांचे ओठ पांढरे होते. "माझं ऐकलं असतंस, तर एक गेला असता," ते म्हणाले. "आताबी एकच गेला."

तिनं हातातलं हेल्मेट त्यांच्या तोंडावर घातलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज झाला. तिनं पुन्हा घातलं. ते हलले नाहीत, हातही वर केला नाही. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा राणीनं तिला मागून मिठी मारली आणि दोघी खाली पडल्या.

अमृतरावांच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. "दुसरंबी ऐक मग," ते म्हणाले, जड जिभेनं. "माझ्या सुरुंगानं अर्ध्या खाली पडल्या असत्या. एकबी न्हाई पडली. हे खरं आहे. आणि हे त्याच्या याडीला मला सांगता यायचं न्हाई. तिला सांगावं लागंल, क्रेशरवर दगड अंगावर आला." ते वळले आणि भिंतीला धरून चालत गेले. याडी म्हणजे आई, हे थावराच्याच तोंडून चौघांना कळलं होतं.

दवाखान्याच्या खोलीत प्रज्ञेशला शुद्ध आली तेव्हा रेवती खाटेजवळ जमिनीवर बसली होती.

"कंदील," तो म्हणाला. "तू पोहोचवलास?"

"न्हाई. माझं इंजिन गेलं."

"मग?"

त्यानं खोलीभर बघितलं. दारात राणी होती, भिंतीला टेकून, तोंडात ओढणी कोंबलेली. आणखी कुणी नव्हतं. त्यानं पुन्हा एकदा बघितलं, जणू खोलीला आणखी कोपरा असेल.

"थावरा कुठाय?"

"प्रज्ञेश—"

"थावरा कुठाय म्हणतो मी!"

"त्यानं माझ्याकडून घेतला," रेवती म्हणाली. "पंजा अडकला. भट्टीत गेला तो."

प्रज्ञेशनं उठायचा प्रयत्न केला. ज्या हातावर भार द्यायचा तो हातच नव्हता. तो कुशीवर कोसळला, बांधलेल्या थोट्यावर, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते माणसाचं वाटेना. सुई घेऊन डॉक्टर धावले. "मला सोडायला पाहिजे होतं!" तो ओरडत होता. "मी म्हणलं होतं दाबा! तुला कुणी बोलावलं होतं? कुणी बोलावलं होतं तुला?" उजव्या हातानं तो तिला मारत होता, खांद्यावर, गालावर, लागेल तिथं. तिचा ओठ फुटला.

ती बाजूला झाली नाही. खाटेवर चढून तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं, दोन्ही हातांनी, घट्ट, आणि तो तिच्या पोशाखात दात रोवून ओरडत राहिला. त्याच्या गळ्याची शीर तिच्या मनगटाखाली धडधडत होती.

"ओरड," रेवती म्हणाली. "ओरड. आणखी जोरानं ओरड."